आता तू वाच!

इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाच्या पोटात कधी ना कधी गोळा उठलेला असतो. कुणाच्या एम-थ्रीचा पेपर हातात पडल्यावर, कुणाच्या व्हायवाला एक्स्टर्नलने चष्म्यावरून बघितल्यावर. माझ्या पोटात तो दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला उठायचा, आणि तोही स्वतःच्या घरी!

आमच्या जालन्यातल्या घरी दर शनिवारी बायबलवाचन असतं. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरतात, शेजारपाजारची आणि नात्यातली दहा-बारा माणसं गोल करून बसतात. आधी एक गीत, मग छोटी प्रार्थना, मग वाचन. पद्धत अगदी सोपी. एक वचन एकाने मोठ्याने वाचायचं, पुढचं त्याच्या शेजारच्याने. जुनी माणसं वचनाला 'ओवी'सुद्धा म्हणतात. फिरत फिरत वाचन आपल्यापाशी येतं, आजी मानेनेच खूण करते आणि हळूच म्हणते, "आता तू वाच."

आणि मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. 'प' आणि 'क' ही माझी खास शत्रूराष्ट्रं. त्यात बायबलातली नावं म्हणजे काय विचारता! नबुखद्नेस्सर, मथुशलह, थेस्सलनीकाकर... न अडखळणाऱ्याचीही जिथे बोबडी वळते तिथे माझं काय होत असेल, कल्पना करा.

त्यामुळे माझं गणित मात्र पक्कं झालं. गीत चालू असतानाच मी माणसं मोजायचो. ११ माणसं, मी सातवा, म्हणजे मला ७, १८, २९, ४० नंबरची वचनं. बोट ठेवून ती मनात पाठ करून टाकायची. तेवढ्यात कुणीतरी पाणी प्यायला उठायचं आणि सगळा हिशोब कोसळायचा! ११९ व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत. बायबलातला सगळ्यात मोठा अध्याय हाच. ११ माणसांत प्रत्येकी बरोबर १६. त्या संध्याकाळी मला खरंच ताप आला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या गटात एक ठराव झाला. वाचन फार लांबतं, अडखळत वाचल्याने अर्थ तुटतो, तेव्हा ज्यांना नीट वाचता येतं अशा दोघातिघांनीच वाचावं, नाहीतर सरळ मोबाईल स्पीकरला जोडून ध्वनिमुद्रित बायबल लावावं. आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध, वेळही वाचतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वात जोरात कुणी डोलावली असेल तर मी.

हा लेख मी त्या डोलावलेल्या मानेविरुद्ध लिहितोय.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीत एक काकू आहेत. तिसरीत शाळा सुटली, लवकर लग्न झालं, अक्षरं विसरून गेली. आमच्या वाचनाला त्या आधी नुसत्या ऐकायला यायच्या. मग आजीने त्यांना शेजारी बसवून ओळीवर बोट ठेवायला शिकवलं. दुसरा वाचत असताना बोट पुढे सरकवायचं. वर्षभराने त्यांनी आपलं पहिलं वचन वाचलं. एकेक अक्षर जोडत, चार शब्दांचं वाक्य, आणि त्याला लागलेला वेळ म्हणाल तर तेवढ्यात आपलं मॅगीचं पाकीट शिजून होईल. पण वाचलं. त्यानंतर त्या दर शनिवारी डोक्यावर पदर नीट करून, चष्मा पुसून, आपल्या नंबरची वाट बघत बसायच्या. मी ज्या क्षणाला घाबरायचो, त्याच क्षणासाठी त्या आठवडाभर थांबायच्या.

ठरावानंतर दोन महिन्यांत त्यांचं येणं कमी झालं. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायच्या. एकदा मी डबा परत द्यायला गेलो तर दारातच खरं बोलल्या, "माझा नंबरच येत नाही बाळा, तर येऊन काय करू? ऐकायला काय, मोबाईल घरी पण आहे."

मला तेव्हा माझ्या मानेची लाज वाटली. माझी सुटका व्हावी म्हणून मी जिला होकार दिला होता, त्या सोयीने एका बाईची शाळा बंद पडली होती.

तेव्हापासून मी ह्या विषयावर जरा वाचायला लागलो, लोकांना विचारायला लागलो. जे हाती आलं ते सांगतो.

एकत्र, मोठ्याने वाचणं ही काही आमच्या आजीची युक्ती नाही. बायबल मुळात असंच वाचायचं पुस्तक आहे. जुन्या करारात नहेम्याच्या आठव्या अध्यायात प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत चौकात जमलेत, एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि काही जण लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगताहेत. पुरुष, स्त्रिया, समज आलेली मुलं, सगळे तिथे होते असा मुद्दाम उल्लेख आहे. नव्या करारातली पौलाची पत्रं तर मंडळीपुढे वाचण्यासाठीच लिहिलेली. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो शपथ घालून सांगतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो की तुमचं वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीला द्या आणि त्यांचं तुम्ही वाचा. म्हणजे आपल्याकडे नोट्स फिरतात ना, तसंच! प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो आणि फिलिप्पाला ते बाहेरून ऐकू येतं. एकटा असूनही तो मोठ्यानेच वाचत होता. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता मनात वाचतो, ह्याचं ऑगस्टिनला एवढं अप्रूप वाटलं की त्याने ते लिहून ठेवलं.

आपल्या मराठीतही हे नवं नाही. गोव्यात साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज माणसाने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ ११ हजार ओव्या! बायबलची कथा त्याने ओवीत का घातली असेल? कारण इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गोव्यातल्या चर्चमध्ये ते म्हटलंही जायचं. पुढे १८०५ मध्ये विल्यम कॅरी आणि पंडित वैजनाथ ह्यांच्या खटपटीतून बंगालमधल्या सेरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी एकटीच्या हिमतीवर हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर त्या ह्या कामातच होत्या. त्यांना भाषा सोपी हवी होती, कारण त्यांच्यासमोर दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुली आणि बायका होत्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचं कामही ह्याच बायका करायच्या. आमच्या काकूंसारख्याच बायकांसाठी झालेलं हे भाषांतर आहे, असं मला वाटतं.

आणि जालन्याचं सांगायचं तर त्यासाठी लांब जायला नकोच. 'जालना सोने का पालना' ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्याही माहीत आहेत. पण शहराजवळच्या बेथेलची गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ 'देवाचं घर'. नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून १८६० च्या दशकात ते जालन्याला आले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं. आसपासच्या खेड्यांतली, गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं तिथे आली. १८७३ मध्ये हेच शेषाद्री थेट न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोलून आले. आपल्या जालन्याचा माणूस, दीडशे वर्षांपूर्वी!

आता विचार करा. त्या काळी निजामाच्या राज्यात वाचता येणारे किती? त्यातून अस्पृश्य मानलेल्या वस्तीत किती? पुस्तक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, हाच हिशोब असणार. घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या 'बायबलबाई' तेव्हापासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी होत्या. पण मिशनने शाळाही काढल्या, आणि ऐकणाऱ्यांतलेच काही वाचणारे झाले. ज्यांना पोथीला हात लावायची मुभा नव्हती त्यांच्या हातात पुस्तक आलं आणि कुणीतरी म्हणालं, आता तू वाच. माझ्या आजीचं माहेर बेथेलचं. ती हे तीन शब्द इतक्या सहज का म्हणते ते मला फार उशिरा समजलं.

मग आपण दीडशे वर्षांनी उलटे निघालोय का? ज्यांना छान येतं त्यांनी वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं? हा माझा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा असा की बारी ठरलेली असली की गाळता येत नाही. एकटा वाचणारा माणूस कंटाळवाणं आणि अडचणीचं सोडून देतो. मी स्वतः गणनेतल्या याद्या शेकडो वेळा उडवल्यात. भाषण करणाराही आपल्या सोयीची वचनं निवडतो. पण गोलात बसून क्रमाने वाचलं की जे येईल ते तोंडाने म्हणावंच लागतं. एकदा करिंथकरांस पहिलं पत्र चालू होतं. चौदाव्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प बसावं अशा अर्थाचं वचन आहे, आणि ते मोठ्याने वाचायची बारी नेमकी आली माझ्या मावशीवर! ती शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने ते शांतपणे वाचलं, पुस्तक खाली केलं आणि म्हणाली, "वाचलं. आता ह्यावर मीच बोलते." सगळे पोट धरून हसले. पण त्या दिवशी जी चर्चा झाली, करिंथात तेव्हा काय परिस्थिती होती, ह्याच पत्रात अकराव्या अध्यायात बायका प्रार्थना करतात असं कसं लिहिलंय, आज आपण काय धरायचं, तशी चर्चा स्पीकरमधून आलेल्या शुद्ध उच्चारांनी कधीच झाली नाही. स्पीकर थांबत नाही हो. तो पुढच्या अध्यायाला निघून जातो.

तिसरा मुद्दा आपल्या अभ्यासाच्या कामाचा. मोठ्याने वाचलेलं जास्त लक्षात राहतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून २०१० मध्ये ह्या परिणामाला 'प्रॉडक्शन इफेक्ट' असं नाव दिलं. आपल्या आज्यांना नाव माहीत नव्हतं इतकंच. आणि माझ्यासारख्यांसाठी आणखी एक गोष्ट. अडखळणारा माणूस दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचायला लागला की त्याचं अडखळणं बहुतेक वेळा नाहीसं होतं. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. मला ते गोलात बसून समजलं. सगळ्यांनी मिळून स्तोत्र म्हणताना माझा 'प' कधीच अडकला नाही.

आमचा एक वर्गमित्र घनसावंगी तालुक्यातला, जांब समर्थच्या शेजारच्या गावचा. समर्थ रामदासांचं जन्मगाव ते, १६०८ चं. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "आमच्याकडे दासबोधाचं पारायण असतं तेव्हा हेच. २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या. आजोबा सगळ्यांना वाचायला बसवतात. चुकलं तरी चालतं, थांबायचं नाही." नांदेडला गुरुग्रंथसाहेबाचा अखंड पाठ होतो, साधारण ४८ तास, वाचणारे बदलतात पण वाचन तुटत नाही. म्हणजे पुस्तकं वेगळी, श्रद्धा वेगळ्या, पण माणसं एकत्र बसून वाचण्याची गरज मात्र मराठवाड्याच्या मातीत सगळीकडे सारखीच दिसते.

आता विरुद्ध बाजूचंही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी लिहितो.

एक आक्षेप वेळेचा. तो खराच आहे. बायबलात (आमच्या प्रॉटेस्टंट लोकांच्या, ६६ पुस्तकांच्या) ११८९ अध्याय आहेत. आमची गती आठवड्याला २ अध्याय. ११८९ भागिले २, म्हणजे जवळपास ५९५ आठवडे, म्हणजे साडेअकरा वर्षं! सगळ्या केट्या धरूनसुद्धा इतक्या वर्षांत माणूस इंजिनिअर होतो. पण आपल्याला कुठली गाडी पकडायचीय? पोर्शन संपवणं हे युनिव्हर्सिटीच्या पेपरसाठी ठीक आहे. रोज घरी तीन-चार अध्याय वाचून वर्षात संपवा ना, कोण नको म्हणतं? शनिवारचं वाचन त्यासाठी नाहीच.

दुसरा आक्षेप, नुसतं तोंडाने वाचलं की यंत्रासारखं होतं. हेही खरं. मी तर माझ्या नंबरच्या वचनाशिवाय इतर काही ऐकायचोच नाही, हे वर कबूल केलंच आहे. त्यावर उपाय वाचन बंद करणं नाही. अध्याय संपला की दोन मिनिटं शांत बसावं आणि ज्याला जे कळलं नाही ते विचारावं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात नाजूक, आणि तो मला माझ्याच बाजूने जास्त टोचतो. सगळ्यांसमोर वाचायला लावणं ही काहींना शिक्षा वाटते. मला वाटायची. म्हणून सक्ती नको, हे मी ठामपणे म्हणतो. ज्याला नको त्याने शेजारच्याला पुस्तक दाखवावं, प्रश्न विचारू नये. पण 'तुला नको असेल तर राहू दे' म्हणणं वेगळं आणि 'तुला नीट येत नाही, म्हणून तू नको' म्हणणं वेगळं. पहिल्यात माणसाचा मान राहतो. दुसऱ्यात तो घरी बसून गुडघे दुखल्याचं सांगतो.

आणि अजून एक. आमच्याकडे अधूनमधून दुसऱ्या धर्माचे मित्र येऊन बसतात. त्यांच्या घरच्यांना शंका येते, साहजिक आहे, दिवसच तसे आहेत. आमच्या आजीचा नियम सोपा आहे. दार उघडं, खिडक्या उघड्या, येणाऱ्याला चहा, आणि कुणालाही काही बदलायला सांगायचं नाही. वाचायचं असेल तर वाच, ऐकायचं असेल तर ऐक. मला वाटतं उघड्या दाराने मोठ्याने वाचणारा माणूस लपवून काही करत नसतो. ज्याला हवं त्याने रस्त्यावरून जाता जाता ऐकावं.

शेवटी आमच्या गटाचं काय झालं ते सांगतो. मी हा विषय एका शनिवारी मांडला. मांडताना 'पद्धत' ह्या शब्दावर अडकलो, चांगला अर्धा मिनिट. कुणी शब्द पुरवला नाही, सगळे थांबले. मी काकूंचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणालो की ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होतो, माझ्या सोयीसाठी होतो, आणि आता मला तो मागे घ्यायचाय. वाद झाला. एका काकांचं मत आजही वेगळं आहे, आणि त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. त्यांच्या वडिलांना ऐकू कमी येतं, स्पीकरचा आवाज त्यांना बरा पडतो. त्यामुळे तडजोड झाली. महिन्यातले दोन शनिवार सगळ्यांनी बारीने वाचायचं, बाकीचे दोन स्पीकर. बारीच्या दिवशी कुणी अडकलं तर चूक सुधारायची नाही, शेजारच्याने तोच शब्द त्याच्याबरोबर म्हणायचा. हा शेवटचा नियम माझा!

मला चारही शनिवार हवे आहेत आणि मी ते मागत राहणार आहे.

तुम्हालाही एक विनंती. तुमचं पुस्तक कुठलंही असो, दासबोध असो, कुराण असो, बायबल असो, नाहीतर एखादी साधी कादंबरी. सुट्टीत घरी गेलात की एक संध्याकाळ चार माणसं गोळा करा आणि बारीबारीने मोठ्याने वाचा. घरात कुणीतरी एक माणूस असं नक्की असेल ज्याच्या हातात कुणी कधी पुस्तक दिलेलं नाही. पहिली बारी त्याची.

काकू गेल्या बारीच्या शनिवारी आल्या होत्या. २३ वं स्तोत्र होतं, त्यात सहाच वचनं, आणि आम्ही ९ जण. नेमकं त्यांच्या आधीच स्तोत्र संपलं. आजीने इकडेतिकडे बघितलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. आता तू वाच."